कावळ्याशी ओळख करायची असेल तर

कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, म्हणून रोज ठरल्या वेळी स्वतःच जा. मूठभर बिनमिठाच्या भुईमुगाच्या शेंगा ठेवा आणि चार पावलं मागे सरका. टक लावून बघू नका, रोखलेली नजर त्याला धोक्याची वाटते. माझ्याकडचा कावळा पहिला आठवडाभर कठड्यावर मान तिरकी करून, एका डोळ्याने मला नुसता जोखत होता. मग धीर आला. एक शेंग चोचीत उचलायची, जड आहे का बघायची, खाली ठेवायची, दुसरी घ्यायची! ते बघताना मी श्वाससुद्धा हळू घ्यायचो.

पिल्लं घरट्याबाहेर पडतात त्या दिवसांत मात्र झाडापासून लांब राहा, आणि खाली बसलेलं धडधाकट पिल्लू उचलू नका. कावळे राग विसरत नाहीत. सिएटलमध्ये २००६ साली जॉन मार्झलफ या संशोधकाने मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घालून सोडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करत. कधीच न पकडलेलेसुद्धा त्यात सामील होत.

पाणी पसरट भांड्यात ठेवा. कोरडा घास तो त्यात भिजवून खातो, तेव्हा रोज बदला.