दुःखाच्या काळात देवाच्या हेतूवर विश्वास कसा ठेवावा

पहिली गोष्ट म्हणजे दुःख लपवू नये. विश्वास म्हणजे तक्रार न करणे, असा समज रूढ आहे. परंतु बायबलमधील स्तोत्रसंहितेतील (प्रार्थनागीतांच्या ग्रंथातील) 13व्या स्तोत्रात भक्त देवाला 'कोठवर?' असे चार वेळा विचारतो, आणि 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. म्हणून प्रार्थनेत जे खरोखर सलते आहे, तेच स्पष्ट शब्दांत मांडावे. शब्द सुचत नसतील तर अशी स्तोत्रे मोठ्याने वाचावीत.

दुसरे, कारण शोधण्याची घाई करू नये. बायबलमधील योसेफाची कथा त्याच्या 17व्या वर्षी सुरू होते आणि फारोसमोर, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजासमोर, तो 30व्या वर्षी उभा राहतो. मधल्या काळात भावांनी त्याला विकले, खोट्या आरोपावरून तो तुरुंगात पडला, आणि तुरुंगातील ज्या प्यालेबरदाराला (राजाला मद्याचा प्याला देणाऱ्या सेवकाला) त्याने स्वप्नाचा अर्थ सांगितला, तोही त्याला पूर्ण दोन वर्षे विसरला. त्या दोन वर्षांत योसेफाला देवाचा हेतू दिसत होता, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. 'हे तुमच्या भल्यासाठीच झाले' असे लगेच सांगणाऱ्यांनी (त्यांचा हेतू चांगला असला तरी) हे ध्यानात घ्यावे.

हेतू कळेपर्यंत आजच्या दिवसापुरते कर्तव्य ठरवावे, जुन्या संकटांत मिळालेली मदत वहीत लिहून ठेवावी आणि एका विश्वासू व्यक्तीला आपल्यासाठी प्रार्थना करण्यास सांगावे. झोप व भूक दीर्घकाळ हरपली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. उपचार घेणे हा अविश्वास नव्हे.