घरचा पिझ्झा सॉस, आपल्या टमाट्याचा अन् करडईच्या तेलातला

मागच्या आठवड्यात लातूरहून नणंदेचा फोन आला, म्हणे वहिनी पोरं दर रविवारी पिझ्झा मागायलेत, बाटलीतला सॉस आणला तर नुसता गोड लागायला, तुम्ही करता तो कसा करायचा ते नीट सांगा बरं. अर्धा तास फोनवर सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी परत फोन, सॉस पातळ झाला अन् बेस गिळगिळीत झाला म्हणून. तेव्हाच ठरवलं की एकदा सगळं बैजवार लिहून काढायचं, तिच्यासाठी पण अन् ज्यांना ज्यांना घरी करायचाय त्यांच्यासाठी पण.

तर पहिली गोष्ट, ऑरेगॅनो कोणता, मिरची किती हे सगळं नंतर. खरा खेळ पाण्याचा आहे. टमाट्यात ९४-९५ टक्के पाणीच असतं, अन् ते पाणी आपण पातेल्यात आटवलं नाही तर ते तव्यावर बेसमधी उतरणार. माझ्याकडून पण पहिल्या वेळी हेच झालं होतं. भाच्याच्या वाढदिवसाला बारा पिझ्झे करायचे होते अन् मी कुठंतरी वाचलं होतं की इटलीत सॉस शिजवतच नाहीत, टमाटे कुस्करायचे, मीठ घालायचं, झालं. तसंच केलं आणि बाराच्या बारा बेस मधोमध ओले राहिले, पोरांनी वरचं चीज खाल्लं अन् खालचं तसंच ताटात पडून, लई वाईट वाटलं त्या दिवशी. नंतर कळलं की ती पद्धत खोटी नाही, नेपल्सला खरंच तसं करतात, पण त्यांची लाकडाची भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास तापलेली असते अन् पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो, पाण्याला खाली मुरायला वेळच मिळत नाही. शिवाय त्यांचे ते सान मार्झानो टमाटे लांबट, गरदार, बिया कमी. आपल्याकडं गॅसवरचा तवा नाहीतर २००-२५० डिग्रीचा छोटा ओव्हन, दहा-बारा मिनिटं सहज लागतात. म्हणून आपण सॉस शिजवून आटवूनच घ्यायचा, त्यात कमीपणा काही नाही, उलट आपल्या टमाट्याला तेच मानवतं.

टमाटे घेताना बघून घ्या. आमच्या इथं परभणीला बाजारात दोन तऱ्हेचे दिसतात, एक लांबट, अंड्यासारखे, जाड सालीचे, दाबले तरी घट्ट, अन् दुसरे गोल गावरान, पातळ सालीचे, रसाळ, आंबट, वासाला एकदम भारी. नुसते लांबट घेतले तर सॉस पटकन दाट होतो पण चवीला फिक्का लागतो, नुसते गावरान घेतले तर आटवता आटवता गॅस संपायची वेळ येते अन् आंबटही होतो. मी पाऊण किलो लांबट अन् पाव किलो गावरान घेते. देठाजवळ पिवळं-हिरवं असलेले नकोत. थोडे कच्चे निघाले तर टोपलीत देठ खाली करून दोन-तीन दिवस बाहेरच ठेवा, फ्रीजमधी टाकले की त्यांचा वास जातो अन् तो परत येत नाही.

किलोभर टमाट्याला बाकी सामान असं, पोहे खायच्या चमच्यानं तीन चमचे तेल, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या (गावरान बारीक लसूण असेल तर पंधरा तरी घ्या), एक लहान कांदा, एक चमचा जाडसर कुटलेली लाल मिरची, एक चमचा ऑरेगॅनो, सुपारीएवढा गूळ अन् मीठ. कांदा नसला तरी चालतं. एवढ्यात साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅम सॉस होतो.

आता टमाटे सोलायचं काम. सगळे सांगतात की उकळत्या पाण्यात टाका, साल सुटली की गार पाण्यात टाका, ते पाच किलो करायचे असतील तेव्हा ठीक आहे, पण किलोभराला मी किसणी वापरते. टमाटा आडवा कापायचा, म्हणजे देठ एका अर्ध्याला राहतं अन् बियांचे कप्पे सगळे उघडे पडतात. मग तो अर्धा भाग चाळणीवर धरून हलक्या हातानं पिळायचा, बिया अन् पाणी खाली पडू द्यायचं, बोट घालून उरलेल्या बिया काढायच्या. नंतर कापलेली बाजू किसणीच्या जाड बाजूला टेकवून किसायचं, गर सगळा खाली उतरतो अन् शेवटी तळहातावर साल तेवढी राहते, पापुद्र्यासारखी. मिक्सर लागत नाही, लाईट गेली तरी काम अडत नाही.

चाळणीखाली जमलेलं पाणी मात्र फेकू नका. बियांभोवती जो बुळबुळीत रस असतो ना त्यात बाहेरच्या गरापेक्षा ग्लुटामेट जास्त असतं, म्हणजे टमाट्याची ती तोंडाला पाणी सुटणारी चव तिथंच जास्त असते. सॉसमधी घातलं तर परत तेच पाणी आटवत बसावं लागणार, म्हणून मी ते संध्याकाळच्या वरणात घालते नाहीतर त्याचं सार करते.

भांडं कोणतं हे पण बघा. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं सगळ्यात चांगलं. लोखंडी कढईत टमाट्याच्या आंबटपणामुळं लोखंड उतरतं, सॉस काळपट होतो अन् जिभेला लोखंडाची चव लागते. साध्या अ‍ॅल्युमिनियमचं पण तेच, अन् कल्हई उडालेलं पितळेचं भांडं तर अजिबात नको.

तेलाबद्दल लई जणी विचारतात की ऑलिव्ह ऑइलच लागतं का. नाही लागत. मी करडईचं वापरते. करडई आपल्या मराठवाड्याचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुमसारख्या जाती काढल्यात, अन् ह्या तेलाला स्वतःचा वास कमी असतो त्यामुळं लसूण अन् टमाटा पुढं येतो. घाण्यावरचं असेल तर थोडा वास राहतो, पण तो जड नसतो. शेंगदाण्याचं तेल घातलं तर आधी शेंगदाणाच लागतो तोंडाला, म्हणून ते ह्याच्यात नको. अन् तेल अगदीच कमी करू नका, टमाट्याचा लाल रंग ज्याच्यामुळं असतो ते लायकोपीन तेलात उतरतं, पाण्यात नाही, तेल बरोबर असलं की सॉसला आपोआप झळाळी येते अन् रंगाला दुसरं काही घालावं लागत नाही. बीट घालायचं तर नावच काढू नका, रंग गुलाबी होतो अन् मातकट लागतं.

तर तेल मंद गॅसवर गरम होऊ द्या, कडकडीत नको. लसूण बारीक चिरून घाला, ठेचून घातला की लवकर करपतो. लसूण तेलात हळूहळू तडतडला पाहिजे, कडेला नुसता गुलाबी झाला की लगेच कांदा, अन् कांदा मऊ झाला की किसलेला टमाटा. इथं फोन घ्यायला जाऊ नका. लसूण तपकिरी झाला तर सगळा सॉस कडू होतो अन् मग कितीही गूळ घाला, ते कडूपण जात नाही, तसं झालं तर ते तेल काढून परत नवीन लसूण घेतलेला बरा.

टमाटा घातला की गॅस मध्यम. झाकण ठेवायचं नाही, झाकण ठेवलं की वाफ परत खाली पडते. पहिली दहा मिनिटं खळखळ उकळतं, वर गुलाबी फेस येतो, तो येऊ द्या. मग आवाज बदलतो, फदफद व्हायला लागतं अन् थेंब बाहेर उडतात, तेव्हा गॅस कमी करा अन् दर दोन मिनिटाला उलथन्यानं तळापासून हलवा. आता उलथन्यानं पातेल्याच्या मधोमध एक रेघ ओढून बघा. सुरुवातीला रेघ ओढली की लगेच मिटते. वीस मिनिटानं ती मिटायला जरा वेळ लावते, दोन्हीकडून पाणी झिरपून येतं. अन् पंचवीस-तीस मिनिटानं अशी वेळ येते की रेघ ओढली की पातेल्याचं बूड दिसतं, दोन-तीन सेकंद तसंच राहतं अन् मग सॉस सावकाश सरकून जवळ येतो, कडेला तेलाचे बारके बारके लाल मणी सुटलेले असतात. झाला सॉस. तरी शंका वाटली तर चमचाभर सॉस बशीत ठेवा अन् मिनिटभर थांबा, भोवती पाण्याचं कडं आलं तर अजून पाच मिनिटं. नणंदेला फोनवर सांगताना ही रेघच मी सांगायची विसरले होते, तिनं घड्याळ बघून वीस मिनिटात गॅस बंद केला होता. घड्याळावर जाऊ नका, कधी टमाटा रसाळ निघतो कधी कोरडा.

घाई झाली म्हणून कॉर्नफ्लॉवर घालून दाट करायचं असंही काही जण करतात, तसं करू नका, दिसायला दाट दिसतं पण तव्यावर परत पाणी सोडतं अन् चव चिकट पिठूळ लागते. अन् केचप घालून वाढवू नका, त्यात साखर, व्हिनेगर, गरम मसाला असं सगळं असतं, मग पिझ्झा खाताना सामोसा खाल्ल्यासारखं लागतं.

मिरची, ऑरेगॅनो हे शेवटच्या पाच-सात मिनिटात. मिरची मी धर्माबादची आणलेली वर्षभराची असते त्यातलीच चार-पाच कोरडी भाजून, बिया थोड्या काढून, खलबत्त्यात जाडसर कुटते. आपल्याकडं तिखट खायची सवय आहे म्हणून हात सैल सोडू नका, चीज घातलं की तिखट दबतं हे खरं पण लहान पोरं खाणार असतील तर अर्धाच चमचा पुरे. घरातला काळा मसाला किंवा येसर घालायचा मोह होतो, माझ्या सासूबाईंनी एकदा घातला होता, चव वाईट नव्हती पण तो पिझ्झ्याचा सॉस राहिला नाही, आमटीकडं गेला.

ऑरेगॅनो म्हणजे त्या बारक्या पुड्या, घरोघरी एका ड्रॉवरमधी जमलेल्या असतात त्याच वापरा, फक्त तळहातावर चोळून घाला, कसुरी मेथी चोळतो तसं, म्हणजे वास मोकळा होतो. ऑरेगॅनो नसेल तर ओवा चालतो अन् हे काही मनाचं सांगत नाही, ओव्यात जे थायमॉल असतं ते ऑरेगॅनोत पण असतं, म्हणून दोघांचा वास जवळपास जातो. पण ओवा लई जोरकस, किलोभर टमाट्याला दोन चिमटी भाजून चुरडून, त्याच्यावर नको. कुंडीत जाड मऊ पानांचा पानओवा असेल तर त्याची दोन पानं बारीक चिरून घातली तरी छान लागतं. अन् बेसिल बेसिल जे म्हणतात ते आपल्या सब्जाचंच झाड. किराणा दुकानातून फालुद्याला आणतो तोच सब्जा, बी नवीन असेल तर कुंडीत टाकून वरून थोडी माती भुरभुरायची, आठ-दहा दिवसात उगवतो. त्याच्या पानांना जरा बडीशेपेसारखा वास असतो, इटलीच्या बेसिलसारखा अगदी नाही, पण गॅस बंद केल्यावर चार-पाच पानं हातानं तोडून घातली तर घरभर वास सुटतो. देवघरासमोरची तुळस मात्र ह्याच्यात घालू नका, तिचा वास लवंगेकडं जातो.

मीठ अन् गूळ सगळ्यात शेवटी. सुरुवातीलाच चवीपुरतं मीठ घातलं तर आटून आटून खारट होतं. पाऊण चमचा घाला, चाखा, मग वाढवा. गूळ गोड करायला घालायचा नाही, आंबटाची धार मोडायला घालायचा, म्हणून थोडा थोडा. गोड लागायला लागलं की जास्त झालं समजा. खायचा सोडा घालून आंबटपणा मारायची पण एक पद्धत आहे पण त्यानं टमाट्याची चवच बसते, मला पटत नाही.

गुळगुळीत पाहिजे असेल तर गार झाल्यावर मिक्सरला एकदाच फिरवा, आम्हाला जाडसरच आवडतो.

ठेवायचं कसं, तर पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रीजमधी, पाच-सहा दिवस. ओला चमचा घालायचा नाही. वर तेल ओतलं की लोणच्यासारखं बाहेर टिकतं असं समजू नका, ह्यात लोणच्याएवढं मीठ नाही अन् तेलाखाली हवा नसलेल्या जागी लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमधी भरून गोठवा अन् गोळे पिशवीत काढून ठेवा, तीन महिने आरामात राहतो, दोन-तीन गोळ्यात एक पिझ्झा होतो. जुलै २०२३ ला टमाटे शंभराच्या वर गेले होते तेव्हा एप्रिलमधी करून ठेवलेल्या सॉसवरच आमचा महिना निघाला, भाजीला टमाटा नव्हता घरात पण पोरांचा पिझ्झा थांबला नाही.

लावताना आठ इंची बेसला दोनच चमचे, कडेला बोटभर जागा सोडून. तव्यावर करणार असाल तर आधी बेसची एक बाजू मंद गॅसवर भाजा, उलटा करा अन् भाजलेल्या बाजूवर सॉस लावा, म्हणजे सॉस आत मुरत नाही. बेस नसला तर ज्वारीची भाकरी घ्या, सकाळची उरलेली कडक झालेली असेल तर अजून चांगली, तिच्यावर सॉस, वर कांदा, सिमला मिरची, किसलेलं चीज, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं अगदी मंद गॅसवर. आमच्या घरी आता पोरं मैद्याच्या बेसपेक्षा हीच मागायलेत. झाकण काढलं की लगेच कापू नका, दोन मिनिटं तशीच राहू द्या, चीज बसलं की मग चार तुकडे करा.