ट्रकचा वेग बांधून डिझेल कसे वाचवावे

भाडे वाढवणे ट्रकमालकाच्या हातात क्वचितच असते आणि डिझेलचा दर तर कधीच नसतो. वेग मात्र असतो. 2008 मध्ये अमेरिकेत डिझेल भडकले तेव्हा कॉन-वे फ्रेट या कंपनीने आपल्या ट्रकांचा कमाल वेग ताशी 65 मैलांवरून 62 मैलांवर, म्हणजे सुमारे 105 किलोमीटरवरून 100 वर आणला होता. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2015 पासून बनलेल्या बहुतेक मालवाहू गाड्यांना ताशी 80 किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे त्यापुढे वेग जाऊ न देणारे यंत्र, सक्तीचा आहे. पण 80 ही कायद्याची मर्यादा झाली. खिशाला परवडणारा वेग त्याच्या खाली शोधावा लागतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 80 ऐवजी 65 ने चालणाऱ्या ट्रकला हवा सुमारे एक तृतीयांशाने कमी अडवते. याचा अर्थ डिझेलही तेवढेच वाचेल असा मात्र नाही, कारण टायरचे घर्षण आणि चढावर ओझे ओढण्याची मेहनत वेग उतरवल्याने फारशी कमी होत नाही.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. वेगाला हात लावण्याआधी निदान चार-पाच खेपांचे ॲव्हरेज टाकी फुल्ल करून काढावे: पंप तोच, गाडी उभी करण्याची जागा तीच, नोझल आपोआप बंद पडले की भरणे थांबवायचे आणि ओडोमीटरचा आकडा तिथेच वहीत टिपायचा. भरलेली आणि रिकामी खेप वेगळी लिहावी, कारण ती एकत्र केली तर कोणताही निष्कर्ष काढता येतो. याच सुमारास टायरची हवा थंड अवस्थेत तपासावी आणि वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री घट्ट बांधून घ्यावी, नाहीतर वेगाचा फायदा कोणता आणि हवेचा कोणता हे पुढे कळणार नाही.

त्यानंतर वेग ठरवावा. टॉप गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा डायलवरच्या हिरव्या, कमी डिझेल खाणाऱ्या पट्ट्यात राहील असा वेग सपाट रस्त्यावर पाहावा. बऱ्याच ट्रकांत तो 60 ते 65 च्या आसपास सापडतो. त्याहून खाली उतरून टॉप गिअर टिकत नसेल, तर बचत होण्याऐवजी इंजिनावर ताण येतो.

आता वेळेचा हिशेब. 100 किलोमीटरला 80 च्या वेगाने 75 मिनिटे लागतात आणि 65 च्या वेगाने सुमारे 92, म्हणजे फरक 17 मिनिटांचा. तोही सलग 80 चालवता आले तर, जे टोलनाके आणि शहरांतली कोंडी पाहता कागदावरच घडते. उलट बाजूला, महिन्याला 10,000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज लिटरला 4 किलोमीटरवरून 4.4 झाले तर सुमारे 227 लिटर वाचतात, म्हणजे लिटरला 90 रुपये धरल्यास वीस हजारांहून अधिक.

वेग प्रत्यक्ष बांधण्याचे दोन मार्ग आहेत. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणातील कमाल वेग कमी करून मिळतो का, हे विचारावे. गव्हर्नरचे सील स्वतः किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून तोडू नये. दुसरा मार्ग जीपीएसवर 65 चा अलर्ट लावण्याचा. दुपदरी रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांना दुसराच बरा, कारण ओव्हरटेक अर्ध्यावर आलेला असताना समोरून एसटी दिसली तर ड्रायव्हरच्या पायाखाली थोडा वेग शिल्लक असलाच पाहिजे.

खरी अडचण यंत्रात नसून मोबदल्यात असते. ड्रायव्हरला खेपेमागे पैसे मिळत असतील, तर वेग उतरवणे म्हणजे त्याच्या महिन्यातल्या खेपा कमी करणे होय, आणि असा ड्रायव्हर अलर्टची वायर कधी ना कधी काढणारच. म्हणून पोचण्याची वेळ आधी वाढवून द्यावी, पार्टीलाही तसे कळवावे, आणि वाचलेल्या डिझेलच्या पैशांतला ठरलेला वाटा दर महिन्याला ड्रायव्हरच्या हातात द्यावा. ‘सावकाश ये’ म्हणायचे आणि रात्री दोनदा ‘कुठे पोचलास?’ म्हणून फोन करायचा, हे एकत्र चालत नाही.

घाटाबद्दल मात्र सक्त ताकीद द्यावी. वाटा मिळतो म्हटल्यावर काही ड्रायव्हर उतारावर न्यूट्रल करतात, तर काही थेट इंजिन बंद करतात. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने सुमारे 48 वाहनांना धडक दिली, तेव्हा ड्रायव्हरने डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले होते. न्यूट्रलवर इंजिन बंद झाले की ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि इंजिनचा ब्रेक तर मिळतच नाही. शिवाय आजच्या कॉमन रेल, म्हणजे डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळणाऱ्या इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र ते जळतच राहते.

तीन महिन्यांनी त्याच मार्गाच्या आणि तेवढ्याच वजनाच्या खेपा जुन्या वहीशी ताडून पाहाव्यात. मधल्या काळात पावसाळा आला असेल तर आकडे खाली दिसतील. अशा वेळी वेग पुन्हा वाढवण्याआधी कोरड्या दिवसांतल्या आणखी चार खेपा मोजाव्यात.