आयल्ट्स: एकूण बँड बघून पेढे वाटू नका

परदेशात इतिहास, तत्त्वज्ञान किंवा साहित्य शिकायला निघालेल्यांकडून बहुतेक ठिकाणी इंजिनिअरिंगवाल्या मित्रांपेक्षा वरचं इंग्रजी मागतात. ते मोजतात आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेवर: लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार विभाग, प्रत्येकाला 9 पैकी बँड म्हणजे गुण, आणि चारांची सरासरी म्हणजे एकूण बँड. इंजिनिअरिंगवाल्यांचं अनेकदा एकूण 6.5 वर भागतं. ऑक्सफर्डच्या मानव्यविद्येच्या बहुतेक अभ्यासक्रमांना मात्र एकूण 7.5 लागतात, आणि प्रत्येक विभागात किमान 7.0.

यातला दुसरा भाग परत वाचा. मी तिथेच अडकले.

समजा लिसनिंग 8.5, रीडिंग 8, स्पीकिंग 7.5 आणि रायटिंग 6.5. बेरीज 30.5, भागिले चार, म्हणजे 7.625. आयल्ट्समध्ये सरासरी जवळच्या अर्ध्या बँडवर आणतात, म्हणून एकूण 7.5. घरी आनंदीआनंद. पण अट पूर्ण झालेलीच नसते, कारण रायटिंग 7.0 च्या खाली आहे. रीडिंगमध्ये पूर्ण 9 आले असते तरी फरक पडला नसता. एका विभागाची तूट दुसऱ्या विभागातून भरून निघत नाही, आणि अर्ध्या बँडसाठी कुणी डोळेझाक करेल ही आशा ठेवू नका. माझं गुणपत्रक थोड्याफार फरकाने असंच होतं.

आणि मराठी माध्यमातून आलेल्यांनो, तुम्ही घाबरू नका. रुईया, एल्फिन्स्टनमध्ये बी.ए. करताना इंग्रजी संदर्भग्रंथ वाचले असतील तर रीडिंग जमतं. स्पीकिंग जेमतेम 11 ते 14 मिनिटांचं असतं. मराठी वळणाच्या उच्चारांचे गुण कापत नाहीत, बोलणं समोरच्याला समजलं पाहिजे. मान अडकते ती रायटिंगमध्येच. एका तासात दोन लेखनं, त्यात 250 शब्दांच्या निबंधाला पहिल्या लेखनाच्या दुप्पट वजन. वेळ त्या हिशेबानेच वाटा.

दादर-ठाण्याच्या क्लासांत निबंधाचे तयार साचे देतात. माझं स्पष्ट मत आहे, ते घेऊ नका. परीक्षकाला पाठ केलेली वाक्यं लगेच कळतात, आणि आपल्या विषयात पुढे आयुष्यभर युक्तिवादच मांडायचा असतो. त्यापेक्षा कॉलेजमधल्या एखाद्या खडूस बाईंना गाठा, ज्या तुमच्या निबंधावर लाल पेन चालवतील. मला वाचवलं ते अशाच एका बाईंनी. ‘हे तू का म्हणतेस?’ एवढंच त्या समासात लिहायच्या.

कंप्युटरवर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा देण्याची सोय आहे, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत. पण तो निकाल सगळी विद्यापीठं मानत नाहीत. पैसे भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्रही काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. तेही त्याच ईमेलमध्ये विचारा, एजंटला नको.

निकाल हाती नसला तरी अर्ज थांबवू नका. बरीच विद्यापीठं इंग्रजीची अट घालून आधी प्रवेश देऊ करतात आणि गुण नंतर पाठवू देतात. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा फार लवकरही देऊ नका. नोंदणीला पासपोर्ट लागतो. त्याची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा, कारण नोंदणीत दिलेलाच पासपोर्ट परीक्षेच्या दिवशी दाखवावा लागतो.