ग्रेडलची रीडमी शिळी होऊ नये म्हणून

ग्रेडल म्हणजे कोडचं बिल्ड करणारं, म्हणजे त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवणारं टूल; रीडमी म्हणजे ते बिल्ड कसं करायचं हे नव्या माणसाला सांगणारी प्रोजेक्टमधली फाइल. ती उघडा आणि लिहायच्या आधी खोडायला घ्या. ‘ग्रेडलचं अमुक व्हर्जन इन्स्टॉल करा’ ही ओळ सगळ्यात आधी उडवा. व्हर्जन रॅपरच्या (प्रोजेक्टसोबतच येणारी, ग्रेडल सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट) प्रॉपर्टीज फाइलमध्ये आहेच आणि रॅपर ते स्वतः उतरवून घेतो. तोच आकडा दोन ठिकाणी ठेवलात, तर पुढच्या अपग्रेडला एक जागा हमखास राहून जाते. टास्कची, म्हणजे ग्रेडल करू शकतं त्या कामांची यादीही नको, ती ‘टास्क्स’ कमांड देते.

जावाचं मात्र नीट फोड करून लिहा. ग्रेडल कुठल्या जावावर चालतं आणि कोड कुठल्या जावासाठी बनतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ग्रेडल 8 ला जावा 8 पुरायचा, 9 ला किमान 17 लागतो. ‘जावा 11 लागेल’ एवढंच लिहिलंत, तर नवा माणूस इमानदारीत 11 टाकतो आणि पहिल्याच कमांडला आपटतो. 11 कोडसाठी हवा असेल तर तो बिल्ड फाइलमध्ये टूलचेन (कोड बनवायला वापरायचा जावा) म्हणून सांगा.

बिल्ड फाइलचे नमुने रीडमीत हाताने चिकटवू नका. 2021 साली ग्रेडल 7 ने लायब्ररी जोडायचा ‘कम्पाइल’ हा जुना शब्द काढून टाकला, त्याजागी ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहावं लागतं. तरी जुने नमुने अजून कॉपी होताहेत. ॲस्कीडॉक (डॉक्युमेंट लिहायचा एक फॉरमॅट) वापरत असाल तर खऱ्या बिल्ड फाइलमध्ये टॅग टाका आणि तेवढाच तुकडा इन्क्लूड करा. ग्रेडलच्या मॅन्युअलमधले नमुनेसुद्धा चालवून तपासलेले असतात. सीआयमध्ये (बिल्ड आणि तपासण्या आपोआप चालवणारी यंत्रणा) नमुन्यांसाठी वेगळा जॉब करून वॉर्निंग मोड ‘फेल’ ठेवा, म्हणजे कालबाह्य पद्धत वापरल्याची वॉर्निंग आली की तो जॉब फेल होतो. पण त्यावर मर्ज (बदल मुख्य कोडमध्ये घेणं) अडवू नका; दुसऱ्याच्या प्लगिनच्या पापासाठी आपली रिलीज कशाला थांबवायची?

आता खरी मेख. प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये ‘डॉट ग्रेडल’ असतं. त्यात उतरवलेल्या लायब्रऱ्या, आणि बरेचदा कंपनीच्या रिपॉझिटरीचा युजरनेम-पासवर्डही. कधीतरी कुणीतरी चॅटवर पाठवलेला. जुन्यांचं बिल्ड त्याच्यावरच चालतं, म्हणून ‘माझ्याकडे तर होतंय’ हे ते खरंच बोलतात. मी दर सोमवारी एका कोऱ्या डॉकर कंटेनरमध्ये (माझ्या मशीनवरचं काहीच नसलेलं वेगळं वातावरण), आधी उतरवलेलं काही नसलेल्या रिकाम्या कॅशवर, रीडमीतल्या कमांड आहेत त्याच क्रमाने चालवून घेते. पासवर्ड तेवढा सीआयच्या सिक्रेटमधून, आणि तो कुणाकडे मागायचा हे रीडमीत लिहिलेलं. व्यक्तीचं नाव नाही हं, टीमचं. माणसं नोकऱ्या बदलतात.

टीममध्ये नवीन कुणी अडलं तर उत्तर चॅटवर देऊ नका. रीडमीत लिहा, त्याची पुल रिक्वेस्ट (बदल तपासून घ्यायची विनंती) टाका आणि रिव्ह्यू त्यालाच करायला लावा.