उपदेश करणाऱ्याने आधी स्वतः कसे जगावे

मंडळीत वचन सांगणारा पाळक, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवणारी शिक्षिका, घरोघरी प्रार्थनासभा चालवणारे वडील किंवा सहकाऱ्याजवळ आपल्या विश्वासाची साक्ष देणारा साधा विश्वासणारा, ख्रिस्ताच्या नावाने दुसऱ्याला काही सांगणारा प्रत्येक जण एक भार उचलत असतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे याकोब आपल्या पत्रात सांगतो (याकोब ३:१). दुसऱ्यांना घोषणा केल्यावर आपण स्वतःच नापसंत ठरू नये, ही काळजी पौलासारख्या प्रेषितालाही होती (१ करिंथ ९:२७). म्हणून हे मार्गदर्शन उत्तम उपदेश कसा करावा याविषयी नसून, जो उपदेश आपण करतो तो सोमवार ते शनिवार कसा पाळावा याविषयी आहे.

आधी पाळणे, मग शिकवणे

एज्रा शास्त्र्याविषयी एक वचन आहे, त्यातील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. परमेश्वराच्या नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडे, ते पाळण्याकडे आणि मग इस्राएलात ते शिकवण्याकडे त्याने आपले चित्त लावले (एज्रा ७:१०). आपल्यापैकी बहुतेकांची घसरण या तीन पायऱ्यांपैकी मधल्या पायरीवर होते. अभ्यास होतो, शिकवणेही होते, पण त्या दोहोंच्या मध्ये पाळण्यासाठी वेळच ठेवलेला नसतो.

तो वेळ मुद्दाम काढून ठेवावा लागतो. रविवारचा संदेश शनिवारी रात्री तयार करणाऱ्याला तो आधी जगून पाहण्याची संधी मिळत नाही. म्हणून निदान आठ दिवस आधी शास्त्रभाग ठरवावा आणि श्रोत्यांसाठी एकही मुद्दा लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर स्वतःसाठी उत्तर लिहावे: हा भाग माझ्याकडून या आठवड्यात नेमके काय मागतो, कोणाच्या बाबतीत मागतो आणि ते मी कोणत्या दिवशी करणार? उत्तरात माणसाचे नाव आणि वार असलाच पाहिजे. ‘मी अधिक क्षमाशील व्हावे’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘ज्या भावाशी मी वर्षभर बोललो नाही, त्याला बुधवारी भेटावे’ हे उत्तर पुरेसे आहे. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे प्रभू येशूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). संदेश हेही एक अर्पणच आहे, आणि त्यालाही तोच नियम लागू होतो.

याहून सूक्ष्म धोका वाचनाच्या सवयीत आहे. वर्षानुवर्षे उपदेश करणाऱ्याच्या हातात पवित्र शास्त्र हळूहळू दुसऱ्यांसाठीचा मजकूर होऊन बसते. वाचता वाचता ‘हे अमक्याने ऐकायला हवे’ असा विचार मनात येतो आणि वचनाची धार परस्पर शेजाऱ्याकडे वळते. जर्मनीतील ईश्वरविज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३५ पासून फिंकेनवाल्ड येथे चालवलेल्या पाळक-प्रशिक्षणात विद्यार्थ्यांनी रोज सकाळी एका लहान शास्त्रभागावर शांतपणे मनन करावे आणि ते मनन संदेशाच्या तयारीसाठी वापरू नये, असा परिपाठ होता. तरुण विद्यार्थ्यांना तो सुरुवातीला जड गेला, आणि ज्याने तो करून पाहिला आहे त्याला त्याचे कारण कळेल: ज्या वचनाचा संदेशात उपयोग करायचा नाही, त्या वचनासमोर माणसाला केवळ ऐकणारा म्हणूनच बसावे लागते. रोज असा काही वेळ राखावा, आणि त्यातून एखादा उत्तम मुद्दा सुचला तरी तो लगेच वहीत उतरवू नये.

जे अजून जगता येत नाही, त्याविषयी बोलावे काय

हा प्रश्न प्रामाणिक उपदेशकाला छळतो, आणि तो छळावा हे बरेच आहे. त्याची दोन चुकीची उत्तरे प्रचलित आहेत. काही जण आपल्या दुबळेपणाला स्पर्श करणारे शास्त्रभाग टाळतात. लोभाशी झगडणारा पैशाविषयी बोलत नाही, रागीट माणूस सौम्यतेविषयी बोलत नाही, आणि मंडळीला वर्षानुवर्षे उपदेशकाच्या मापाने कापलेले शुभवर्तमान मिळते. काही जण याच्या उलट, ज्या पापाशी आपला गुप्त संबंध आहे त्याच पापावर सर्वांत मोठ्या आवाजात तुटून पडतात. यांपैकी दुसरा मार्ग अधिक घातक आहे असे मला वाटते, कारण त्यात माणूस स्वतःच्याच आवाजाने स्वतःची समजूत घालतो.

वचन पूर्ण सांगावे, पण ते श्रोत्यांच्या रांगेत उभे राहून सांगावे. ‘तुम्ही’ असे म्हणण्याआधी ‘आपण’ म्हणता येते का, हे लिहिलेल्या संदेशातील प्रत्येक आज्ञेजवळ थांबून तपासावे. ‘ही आज्ञा मलाही बांधते आणि येथे मी अजून शिकतो आहे’ एवढे साधे वाक्य बहुतेक वेळा पुरते. आपल्या पापाचा सविस्तर वृत्तांत व्यासपीठावरून देण्याची गरज नसते. त्याने ऐकणाऱ्यांचे लक्ष ख्रिस्तावरून निघून उपदेशकावर येते, आणि कधी कधी त्या कबुलीचेच कौतुक होऊ लागते. सविस्तर कबुली देवाजवळ, ज्याचा अपराध केला त्याच्याजवळ आणि एखाद्या विश्वासू बंधूजवळ द्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वचनाचे सत्य सांगणाऱ्याच्या पवित्रतेवर अवलंबून नसते. चौथ्या आणि पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मंडळीत दोनातवाद्यांशी (सेवक शुद्ध असलाच पाहिजे असा आग्रह धरून वेगळ्या झालेल्या गटाशी) जो दीर्घ वाद झाला, त्यात अयोग्य सेवकाच्या हातून मिळालेला बाप्तिस्मा निष्फळ ठरतो काय, हाच प्रश्न होता. आणि देणारा ख्रिस्त आहे, सेवक नव्हे, ही तेथील बिशप ऑगस्टीनची भूमिका होती. प्रभू येशूनेही शास्त्री आणि परूशी जे सांगतात ते पाळा, पण त्यांच्या कृतीप्रमाणे करू नका, असेच सांगितले (मत्तय २३:३). मात्र हे आश्वासन ऐकणाऱ्यांसाठी आहे. ज्याच्या उपदेशकाने त्याला निराश केले आहे, त्या विश्वासणाऱ्याने त्याचा आधार घ्यावा. उपदेशकाने तेच वचन स्वतःच्या बचावासाठी पुढे करू नये, कारण त्याच अध्यायात सांगणाऱ्यांना उद्देशून जे पुढे येते ते अत्यंत कठोर आहे.

तसेच, हे सर्व केवळ निश्चयाच्या बळावर साधेल अशी कल्पनाही करू नये. माझ्यापासून वेगळे असल्यास तुम्हाला काही करता येत नाही, हे प्रभूचे शब्द (योहान १५:५) आपण इतरांना सांगतो, तेव्हा आपल्या आज्ञापालनाची सुरुवातही मागण्यापासूनच व्हायला हवी.

घर, पैसा, जीभ आणि पंगत

विसंगती सर्वप्रथम घरात दिसते, म्हणूनच मंडळीच्या अध्यक्षाने आपल्या घरची व्यवस्था चांगली ठेवणारा असावे, अशी अट पौल तीमथ्याला कळवतो (१ तीमथ्य ३:४-५). व्यासपीठावरचा मृदू आवाज आणि घरातला आवाज यांत किती अंतर आहे हे मुलांना अचूक माहीत असते, आणि पाळकांच्या मुलांनी विश्वासाकडे पाठ फिरवण्यामागे पुष्कळदा हेच अंतर असते. म्हणून घरातील माणसांना आपल्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची परवानगी द्यावी, आणि ते बोलले की स्पष्टीकरण देऊ नये. सेवेच्या नावाखाली घरच्यांना दिलेला शब्द वारंवार मोडू नये.

पैशाच्या बाबतीत पौलाची सावधगिरी आजही जशीच्या तशी पाळता येण्यासारखी आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली मदत नेताना त्याने मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू तीताबरोबर पाठवला आणि त्याचे कारणही लिहून ठेवले: या मोठ्या देणगीच्या कामात कोणी आपल्याला दोष लावू नये, आणि जे चांगले ते केवळ प्रभूच्या नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही करावे (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताने ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे विचारले नाही. तेव्हा अर्पण एकट्याने मोजू नये. मंडळीचा पैसा स्वतःच्या खात्यात एक दिवसही ठेवू नये. हिशेब मागण्याआधीच मांडावा. मंडळीतील सभासदांकडून वैयक्तिक उसनवारी करू नये, आणि आधीची असेल तर ती फेडण्याची तारीख ठरवून पाळावी. आपल्या हाताखाली काम करणाऱ्याची मजुरी वेळेवर द्यावी. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश प्रभूच्या कानी जातो, असे याकोब सांगतो (याकोब ५:४). प्रेमावरील कोणताही संदेश त्या आक्रोशाला झाकू शकत नाही.

जिभेसाठी फिंकेनवाल्डचाच आणखी एक नियम सांगतो. तेथे एखाद्या बंधूविषयी त्याच्या गैरहजेरीत बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर नंतर ते त्याला जाऊन सांगायचे, असे ठरले होते. नियमाचा दुसरा भाग विशेष परिणामकारक आहे, कारण एकदा तसे जाऊन सांगावे लागले की पुढच्या वेळी जीभ आपोआप आवरते. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्रार्थनाविनंती म्हणून इतरांपर्यंत पोहोचवू नये, आणि नाव न घेताही संदेशात उदाहरण म्हणून वापरू नये; लहान मंडळीत नाव न घेतल्याने काहीच लपत नाही.

पंगतीचा उल्लेख अंत्युखियातील प्रसंगामुळे करतो. पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, पण याकोबाकडील काही यहुदी माणसे आल्यावर तो त्यांच्या भीतीने मागे सरला, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्याला विरोध केला (गलती २:११-१४). पेत्राने आपली शिकवण बदलली नव्हती. त्याने केवळ जागा बदलली होती, आणि तेवढ्याने शुभवर्तमानाच्या सत्याला बाधा आली. म्हणून ख्रिस्तामध्ये सर्व एक आहेत असे सांगणाऱ्याने अधूनमधून आठवून पाहावे की गेल्या काही महिन्यांत आपण कोणाच्या घरी जेवलो, कोणाला घरी बोलावले, आणि विवाहसंबंध जुळवताना आपण कोणती चौकशी केली. या उत्तरांवरून जे समजेल ते कोणत्याही प्रवचनातून समजणार नाही.

विचारणारा माणूस हवा

दाविदाला स्वतःचे पाप स्वतः दिसले नाही. दुसऱ्याच्या अन्यायाची गोष्ट ऐकून मात्र त्याचा संताप उसळला, आणि ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हणायला नाथान संदेष्टा लागला (२ शमुवेल १२). उपदेशकाजवळ बहुधा स्तुती करणारे पुष्कळ असतात, नाथान नसतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये लहान गटांसाठी केलेल्या नियमांत सभासदांनी आठवड्यातून एकदा भेटावे आणि मागील भेटीनंतर कोणती जाणती पापे घडली, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, हे एकमेकांना विचारावे, असे ठरवले होते. आजही दोन किंवा तीन माणसांनी हे करावे. निवडताना असे माणूस निवडावे, ज्याचे पोट किंवा पद आपल्यावर अवलंबून नाही आणि जे आपल्या वक्तृत्वाने दिपत नाही. हा सगळा भार केवळ पतीवर किंवा पत्नीवर टाकू नये. प्रश्न आधीच लिहून द्यावेत, म्हणजे विचारणाऱ्याला संकोच वाटणार नाही. आणि ज्या प्रश्नाची आपल्याला भीती वाटते, तो त्या यादीत पहिला लिहावा.

चूक उघड झाल्यावर

अपराध जितक्या लोकांपुढे झाला तितक्या लोकांपुढे क्षमा मागावी. एकांतातल्या कठोर शब्दासाठी एकांतात, सभेत केलेल्या अपमानासाठी सभेत. ‘कोणाला वाईट वाटले असेल तर’ अशी वाक्ये वापरू नयेत, कारण त्यांत अपराध ऐकणाऱ्याच्या नाजूक मनावर ढकलला जातो. काय केले ते सांगावे, ते चूक होते असे म्हणावे आणि भरपाई शक्य असेल तेथे ती करावी. जकातदार जक्कयाने केवळ पश्चात्ताप बोलून दाखवला नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट परतफेड, असे त्याने आकडे सांगितले (लूक १९:८). ज्याचे नुकसान झाले त्याने लगेच क्षमा करावी, अशी वचने उद्धृत करून मागणी करू नये.

काही अपराध मात्र असे असतात की त्यांनंतर सेवेतून बाजूला व्हावे लागते: मंडळीच्या पैशाचा अपहार, विवाहबाह्य संबंध, आपल्या अधिकाराखालील व्यक्तीचा गैरफायदा. जेथे कायद्याने गुन्हा झाला आहे, तेथे मंडळीने तो आपसात मिटवू नये. संबंधित अधिकाऱ्यांकडे जावे आणि पीडित व्यक्तीची बाजू आधी ऐकावी. क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पश्चात्ताप खरा असेल तर तो पदाची अट घालत नाही. बाजूला झालेल्याने मंडळीत साधा सभासद म्हणून बसावे, दुसऱ्याचा संदेश ऐकावा, हाताने करण्याजोगी सेवा करावी. पुन्हा बोलण्यास उभे राहावे की नाही, आणि केव्हा, हा निर्णय त्याने स्वतः घेऊ नये. ज्या वडीलवर्गाने त्याला थांबवले त्यांनीच तो घ्यावा, आणि त्याआधी ज्यांना इजा झाली त्यांना विचारावे.