मार्क्सवाद वाचून झालाय, आता तो कामात कसा आणायचा

आधी मार्क्स-एंगेल्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या १८७२ च्या जर्मन आवृत्तीची प्रस्तावना वाचा, अगदी छोटी आहे आणि बरेच जण ती सोडूनच देतात. तिथे मार्क्स-एंगेल्स स्वतः सांगतात की तत्त्वं लागू कशी करायची ते त्या त्या वेळच्या परिस्थितीवर ठरणार, त्यामुळे १८४८ ला दुसऱ्या भागाच्या शेवटी दिलेल्या उपायांवर खास जोर नाही. मधे १८७१ चं पॅरिस कम्यून, म्हणजे पॅरिसच्या कामगारांनी काही काळ शहराचा कारभार हातात घेतला ते बंड, होऊन गेलं होतं, आणि तयार सरकारी यंत्रणा नुसती ताब्यात घेऊन कामगारांना ती आपल्यासाठी चालवता येत नाही हे त्यातून दिसलं. म्हणजे लढ्याने थिअरी दुरुस्त केली, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मग सुरुवात कुठून? तुमच्या कामाच्या ठिकाणच्या लोकांना विचारण्यापासून. मार्क्सने १८८० ला फ्रान्समधल्या कामगारांसाठी शंभरेक प्रश्नांची यादी केली होती, कामाचे तास किती, मशीनवर अपघात होतात का, पगार कसा मिळतो, संप झालेत का असं सगळं. तुम्ही पंधरा-वीस प्रश्न काढा, एकेकाला निवांत भेटा, उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा, पण नावं लिहू नका, कागद मॅनेजमेंटच्या हातात गेला तर कोणाची तरी नोकरी जाईल.

आता थिअरी काढा. समजा सगळे म्हणतायत की काम झेपत नाही. वरकड मूल्य, म्हणजे कामगाराने पगारापेक्षा जास्त निर्माण केलेलं आणि मालकाकडे जाणारं मूल्य, तास वाढवूनही काढता येतं आणि तेवढ्याच तासात माणसाला जास्त पिळूनही, तर तुमच्याकडे नेमकं काय चाललंय ते उत्तरांमधून शोधा, कारण तास आठच असतील आणि टार्गेट वाढलं असेल तर आठ तासांची मागणी घेऊन गेल्यावर समोरचा म्हणणार तास आठच आहेत की, आणि विषय तिथेच संपणार. तिथे मागणी टार्गेटवर आणि माणसं वाढवण्यावर पाहिजे.

मागणी छोटी आहे, सुधारणावादी आहे (म्हणजे क्रांती नाही, आहे त्याच व्यवस्थेत डागडुजी) म्हणून सोडू नका हो. इंग्लंडचा १८४७ चा दहा तासांचा कायदा संसदेतच झाला आणि तोही कापड गिरण्यांमधल्या बायका नि अल्पवयीन कामगारांपुरता, तरी १८६४ ला मार्क्सने त्याला तत्त्वाचा विजय म्हटलं.

लढायच्या आधी अभ्यासवर्गात अंदाज लिहून ठेवा, कोण सोबत येईल, कोण मागे हटेल, मालक काय करेल, आणि नंतर तोच कागद घेऊन परत बसा. रशियात १९२१ ला सक्तीची धान्यवसुली थांबवून धान्यातला कर आणावा लागला, कारण शेतकरी क्रांतीनंतरच्या सरकारसोबत टिकतील हा अंदाज कोसळत होता, आणि त्या सरकारचा प्रमुख लेनिन, त्याने तेव्हा आधीचं धोरण चुकल्याचं उघड सांगितलं, तेवढं तुमच्या बैठकीतही बोलता आलं पाहिजे. तुमचा अंदाज चुकला तर आधी माहिती तपासा, विचारायला कोणाला विसरलो ते बघा, मग मागणी तपासा, आणि हे दोन्ही नीट असूनही हिशोब लागत नसेल तर पुस्तकातल्या मांडणीला हात घाला.